किनाऱ्यावरची अनावर वाचा

मुंबई इलाख्यात मुलकी अधिकारी म्हणून आलेल्या आणि संस्कृताच्या व्यासंगामुळे 'पंडित' म्हणून ओळखल्या गेलेल्या ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकांच्या श्रद्धा, नवस, भुतेखेते आणि सणवार यांविषयी एक विस्तृत प्रश्नावली शाळामास्तरांकडे धाडली होती. १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने जॅक्सन यांचा अंत झाल्यावर ते सारे कागद आर. ई. एन्थोव्हेन यांच्या स्वाधीन झाले व त्यांतला कोकणचा भाग १९१५ साली छापून निघाला. मालवण, आचरे, फोंडा अशा गावांच्या मास्तरांनी पाठविलेली उत्तरे त्या ग्रंथात जागोजाग विखुरलेली आहेत. ही गावे आज ज्यात येतात तो सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ चा. जॅक्सन यांच्या काळी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात, तर कुडाळ-सावंतवाडीचा मुलूख सावंतांच्या संस्थानात मोडत असे. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, हडळ ही कोकणातली भुतावळ त्या काळच्या सरकारी छापील कागदांत निगुतीने नोंदलेली आढळते. परंतु आज ती यादी वाचताना माझे मन त्या भुतांकडे न जाता त्यांनी 'धरलेल्या' माणसांकडे जाते, कारण ज्याला काही लागले आहे असे गाव म्हणे, त्याची पहिली खूण बहुधा त्याच्या वाचेतच प्रकट होत असे.

रात्रीमागून रात्री झोप नाही, अन्नाची शुद्ध नाही, जीभ मात्र क्षणभर विसावत नाही; ज्या सुनेने सासऱ्यासमोर कधी मान वर केली नाही तिच्या मुखातून भर ओटीवर अर्वाच्य शब्दांचा वर्षाव व्हावा, घरातील धाकट्या मुलाने देवाच्या मानकऱ्यांचा चारचौघांत उद्धार करावा, आणि काही आठवड्यांनी त्याच माणसाने भिंतीकडे तोंड करून असे पडून राहावे की पाणी मागायलाही ओठ उघडू नयेत, अशा हकिकती आमच्या किनाऱ्यावर जुन्या पिढीच्या तोंडी पुष्कळ असत. जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनी १८९९ च्या सुमारास उन्माद आणि अवसाद ही एकाच व्याधीची दोन रूपे मानून तिची मांडणी केली, आणि आज आपण तिला द्विध्रुवी मनोविकार अथवा सरळ 'बायपोलर' म्हणतो. त्या जुन्या हकिकतींतील सगळीच माणसे या एका व्याधीने ग्रस्त होती असे म्हणणे अविचाराचे होईल. काहींच्या बाबतीत तो अपस्मार असेल. काहींना पॅरिसच्या जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली नऊ रुग्णांच्या आधारे वर्णिलेला तो विकार असेल, ज्यात अंगाला झटके येतात आणि कित्येकदा नको तो शब्द इच्छेविरुद्ध तोंडातून सुटतो. आणि काही ठिकाणी ती एखाद्या गांजलेल्या जिवाची, अन्य कोणताही मार्ग न उरल्यामुळे फुटलेली वाचा असेल. आपल्याकडे चरकसंहितेत वातज उन्मादाच्या लक्षणांत असंबद्ध व अखंड बोलणे सांगितलेलेच आहे, आणि त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात, जो स्वतःच्या प्रज्ञापराधाने क्लेश पावलेला नाही त्याला देव, गंधर्व अथवा पिशाच कोणीही पीडा देत नाही, असा निःसंदिग्ध अभिप्रायही दिलेला आहे. परंतु मालवणच्या वाडीवर चरक पोहोचला नव्हता. तेथे भूतबाधा काढणारा घाडी होता.

गावऱ्हाटीची, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या वहिवाटीची, घडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगावयास नको की देवाचा अवसर आणि भुताची बाधा या दोन गोष्टी गाव कधीही एक मानीत नसे. दसऱ्याला देवांचे तरंग निघतात, बारापाचाच्या मानकऱ्यांसमोर ठरलेल्या घराण्यातील इसमाच्या अंगात वारे येते, गावकर गाऱ्हाणे घालतो, जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला साथ देतात, आणि अवसर जे बोलेल ते गावाला आज्ञेसारखे शिरोधार्य असते. ही वाचा अनावर दिसली तरी तिला वेळ, जागा आणि वहिवाट आहे. बाधेला यांतले काहीच नाही. ती पेज जेवताना येते, विहिरीवर येते, लग्नाच्या मांडवात येते. म्हणून तिच्यासाठी प्रथम देवाला कौल लावीत, मूर्तीला लावलेला कळा उजवीकडे पडला की डावीकडे, यावरून घरचे भूत की बाहेरचे, पूर्वजाची वासना राहिली की कोणी करणी केली, याचा निवाडा होई, आणि मग घाडी खळ्यात बसून त्या माणसाला प्रश्न करू लागे: "कोण तू? खंयसून इलंस? कित्याक धरलंस हिका? काय व्हया तुका?"

या प्रश्नांकडे आपण जरा थांबून पाहिले पाहिजे. विचारणारा त्या स्त्रीला 'तू असे का बोललीस' असे विचारीत नाही. तिच्या मुखातून जे बोलते आहे त्याला तो तिच्यापासून वेगळे काढतो, त्याला एक नाव व एक गाव देतो, आणि मुनसफाने साक्षीदाराची जबानी घ्यावी तसा त्याचे म्हणणे सबंध ऐकून घेतो. उत्तरादाखल जे बाहेर येई ते कधी निव्वळ असंबद्ध असे, कधी त्यात बळकावलेल्या जमिनीचा, बुडविलेल्या कर्जाचा, हाल होऊन मेलेल्या पहिल्या बायकोचा उल्लेख निघे, आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना तो खाली मान घालून ऐकावा लागे. दुसऱ्या दिवशी ती स्त्री चुलीपाशी बसली की तिला कोणी आदल्या रात्रीच्या शब्दांचा जाब विचारीत नसे. 'ती नाय बोलणा, तिच्या आंगातला बोलता' हे वाक्य घरातल्या लहान पोरालाही पाठ असे. मला असे निश्चयाने वाटते की ज्या काळी या व्याधीवर कोणतेही औषध नव्हते त्या काळी या एका वाक्याने जेवढी घरे मोडता मोडता वाचविली, तेवढी दुसऱ्या कशानेही वाचविली नसतील. कारण अनावर वाचेचा रोग झालेल्या माणसाला रोगापेक्षा अधिक जर काही जाळीत असेल, तर ती शुद्धीवर आल्यावर आपल्याच शब्दांची होणारी आठवण होय.

परंतु त्याच खळ्यावर जे क्रौर्य घडे ते झाकून ठेवणे हा इतिहासाशी द्रोह होईल. भूत बोलत नसेल तर त्याला बोलते करावयाचे, आणि गप्प होत नसेल तर गप्प करावयाचे, यासाठी सुक्या मिरच्यांची धुरी, वेताची छडी, केस धरून ओढणे, दोराने खांबाला जखडणे हे उपाय होते. मार भुताला, असे म्हणत. वळ मात्र माणसाच्या पाठीवर उठत. कोंबडे, नारळ, उतारे यांपायी खंडीभर भात पिकविणारे घर सावकाराच्या वहीत जाई. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला, त्या वर्षीच्या २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर. या कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यांचा स्पष्ट शब्दांत अंतर्भाव आहे. ज्यांनी हा कायदा व्हावा म्हणून आयुष्य वेचले त्यांचे ऋण या किनाऱ्यावरील कित्येक मुक्या पाठींवर आहे.

घाटावरच्या वाचकाला कदाचित जाणवणार नाही अशी एक अडचण येथे सांगितली पाहिजे. मालवणी बोलीत शिवी ही केवळ रागाची वस्तू नाही. रापणीचे जाळे ओढताना, होडी पाण्यात लोटताना, अनेक वर्षांनी भेटलेल्या बालमित्राला मिठी मारताना जी शिवी येते तिच्यात जिव्हाळा असतो, आणि गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळी यांनी १९८० पासून रंगभूमीवर आणले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्या बोलीचा हा मोकळेपणा डोक्यावर घेतला. त्यातून शिमग्याचे दिवस आले की बोंब मारण्याला आणि नाव घेऊन फाका घालण्याला धर्माचीच संमती मिळे. सातारा जिल्ह्यात बोरी आणि सुखेड या दोन गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात, तोही याच जातीचा आचार. वाणीला वर्षातून एकदा बांध फोडू द्यावा आणि मग पुन्हा बांध घालावा, हे आपल्या पूर्वजांना चांगले कळत होते. परंतु याचाच दुसरा परिणाम असा की ज्या घरात आजोबा दोन वाक्यांत एक शिवी घालतात, तेथे नातवाच्या शिवीतला फरक कळावयास उशीर लागतो; शिमग्यात आरंभलेली बोंब पाडवा उलटला तरी थांबत नाही, तेव्हा कोठे आईच्या मनात पाल चुकचुकते, आणि तोवर त्या मुलाने वीस रात्री डोळ्याला डोळा लावलेला नसतो. शिवीवरून रोग ओळखता येत नाही, झोपेवरून ओळखता येतो, ही गोष्ट या किनाऱ्यावरच्या प्रत्येक आईला ठाऊक असावी असे मला फार वाटते.

वाचेच्या या विकाराकडे भक्तीच्या दृष्टीनेही पाहिले गेले. महानुभाव संप्रदायाने परमेश्वरावतार मानलेले रिद्धपूरचे गोविंदप्रभू तेराव्या शतकात लोकांना वेडे वाटत. येणाऱ्याजाणाऱ्याला 'मर' अशा अर्थाचे शब्द त्यांच्या तोंडून वारंवार निघत, आणि म्हाइंभटांनी त्यांचे चरित्र लिहिताना ते शब्द वगळले नाहीत. नृसिंहवाडी आणि गाणगापूर येथे आरतीच्या वेळी बाधित माणसे खांबाला धरून दत्तप्रभूंनाच शिव्या देतात व तेथील पुजारी त्या शांतपणे ऐकून घेतात, हे कोकणातून आंबोली अथवा फोंडा घाट चढून तिकडे जाणाऱ्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. कुडाळ तालुक्यातील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, अर्थात टेंबेस्वामी (१८५४–१९१४), यांच्यामुळे ही दत्तभक्ती सिंधुदुर्गात घराघरांत रुजली. इकडे आरवलीचा वेतोबा हा तर भुतांचाच राजा. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करून, रात्री फिरणाऱ्या त्या राखणदाराच्या पायाशी लोक आपले असले माणूस आणून बसवीत. देवाने शिवी सोसली, तर शेजाऱ्याला ती न सोसण्याचा अधिकार उरत नाही.

सरकारची दृष्टी निराळी होती. १८५८ चा छत्तिसावा कायदा हा वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीचा पहिला मोठा कायदा. मोकाट फिरणारा अथवा इतरांस धोकादायक असा वेडा इसम दिसल्यास त्यास दरोग्याने अथवा पोलिसाने पकडून मॅजिस्ट्रेटसमोर न्यावे, मॅजिस्ट्रेटने सरकारी डॉक्टरच्या मदतीने त्याची तपासणी करावी, आणि दाखला मिळाल्यास त्यास इस्पितळात पाठविण्याचा हुकूम द्यावा, अशी त्याची रचना होती. नातेवाईक हाल करीत असल्यास त्यांना जाब विचारण्याची तरतूदही त्यात होती, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. १८८६ साली, ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला ज्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले त्याच वर्षी, त्या शहरात वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले. आज ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालते ते हेच, आणि सिंधुदुर्गातल्या लोकांच्या बोलण्यात 'रत्नागिरीक न्हेलो' एवढ्या दोन शब्दांना जो अर्थ चिकटला तो त्यामुळेच.

मालवणहून रत्नागिरी आज गाडीने काही तासांची वाट आहे, परंतु त्या काळी ती समुद्राची वाट होती. मुंबईची आगबोट बंदराबाहेर उभी राही, पडावातून उतारू तिच्यावर चढत, आणि पावसाळ्याचे महिने ती वाहतूक बंदच पडे. पाऊसकाळात ज्याची वाचा सुटली त्याला आगबोट पुन्हा सुरू होईपर्यंत घरातच सांभाळणे प्राप्त होते. माळ्यावर, कुळागरातल्या मांगरात, कधी पायात साखळी घालून. पुढे मामलेदार कचेरीचा कागद, पोलिसांचा पहारा, पडावात बसविताना किनाऱ्यावर जमलेली गर्दी. जो मनुष्य घाडीच्या खळ्यावर 'बाधित' होता, म्हणजे ज्याच्यावर काहीतरी बाहेरून आले होते, तो कचेरीच्या दप्तरात स्वतःच 'वेडा इसम' झाला. आणि त्याचे शब्द आता कोणाचेच राहिले नाहीत. ते ऐकण्याची गरजही उरली नाही, कारण तपासणीला एवढेच हवे होते की तो बडबडतो किंवा नाही. १९१२ च्या कायद्याने कार्यपद्धती सुधारली आणि १९२० नंतर 'पागलखाना' या अर्थाचे जुने इंग्रजी नाव जाऊन मनोरुग्णालय हे नाव आले, तरी उपचाराच्या नावाने झोपेची औषधे आणि बंद दार यांपलीकडे देण्यासारखे फारसे काही डॉक्टरांच्या हाती नव्हते.

या अंधाऱ्या कालखंडात एक भारतीय प्रयत्न झाला. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील गुण शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे ठेवला. पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या रानात ती वनस्पती उगवते. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, पण उन्माद शमविणारे तेच द्रव्य काही रुग्णांना अवसादाच्या गर्तेत लोटते असे दिसून आल्यावर त्याचा वापर मागे पडला. ज्या व्याधीला दोन टोके आहेत तिच्या एका टोकावर घातलेला घाव दुसऱ्या टोकाला लागतो, हा धडा त्यातून वैद्यकाला मिळाला. त्याआधीच १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावरील गुण दाखविला होता, आणि पुढे त्याच्याच रूपाने दोन्ही टोके आवरून धरणारे औषध हाती आले.

आणि तरीही घरांनी हा आजार लपविणे सोडले नाही. मुलीचे लग्न मोडेल, भावाची सोयरीक फिसकटेल, या भयाने जे झाकले गेले त्याची छाया याच मातीतल्या दोन मोठ्या लेखकांवर पडलेली दिसते. आरवलीचे जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांच्या 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीत आणि तिच्यावरून रचलेल्या 'बॅरिस्टर' या नाटकात घराण्यात चालत आलेल्या वेडाची धास्ती हाच गाभा आहे. आणि वेंगुर्ल्याजवळ जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांच्या कादंबऱ्यांत भास आणि वास्तव यांच्यातील कुंपण फार ठेंगणे आहे. मुंबईच्या गिरणगावात पोट भरावयास गेलेला चाकरमानी आजारी पडला की ठाण्याला १९०१ पासून इस्पितळ असूनही खोलीवरचे गाववाले त्याला बहुधा गावाकडच्या गाडीत बसवून देत, कारण दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा माणसांच्या पाळ्या चालत असता रात्रभर बोलणाऱ्या माणसाला जागा नसे. दोष त्या गाववाल्यांना देणे मला जमत नाही.

आज लिथियम घेऊन याच किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसासाठी दोन-चार गोष्टी येथे लिहिल्या नाहीत तर या इतिहासाचा उपयोग काय? लिथियमचे रक्तातील प्रमाण सामान्यतः ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर एवढ्या अरुंद मर्यादेत राहावे लागते, आणि ठराविक काळाने रक्त तपासल्याखेरीज ते कळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात रापण ओढून घाम गळाला, जुलाब लागले, किंवा कोणाच्या सांगण्यावरून मीठ एकाएकी सोडले, तर हे प्रमाण चढते. हात थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते. अंग दुखते म्हणून दुकानातून घेतलेल्या कित्येक वेदनाशामक गोळ्याही ते वाढवितात. मीठ घातलेली पेज आणि भरपूर पाणी यांचे महत्त्व आमच्या आज्यांना ठाऊक होतेच. औषधानेही वाचा एका दिवसात ताब्यात येत नाही. आठवडे जातात, आणि मधूनच, विशेषतः झोप मोडली की, तोंडातून एखादा शब्द सुटतोच. त्या क्षणी वाद घालणारा शेजारी आगीत तेल ओततो. आवाज खाली ठेवून खोलीतून बाहेर पडणे, मुलांना दुसऱ्या घरी नेणे, आणि नंतर त्या शब्दांचा हिशेब न मांडणे, एवढे तीन नियम ज्या घराने पाळले तेथे तो माणूस पुन्हा मान वर करून बसतो. शुद्धीवर आल्यावर त्याला क्षमा मागावीशी वाटली तर ती एकदा ऐकून घ्यावी. दहा वेळा मागू देऊ नये, कारण अवसादाची पायरी तेथूनच उतरते.

कायद्यानेही घाडीचे ते जुने शहाणपण आपल्या परीने ओळखले आहे. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ५०४ हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाविषयी होते आणि कलम ८४ मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप न कळणाऱ्याला दोषमुक्त ठरवीत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तत्त्वे ३५२ आणि २२ या कलमांत कायम आहेत. तेव्हा पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविण्यास निघालेल्या शेजाऱ्याला, शब्द कोणता उच्चारला गेला याआधी हेतू होता काय, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे, आणि घरच्यांनीही डॉक्टरांचे कागद जपून ठेवले पाहिजेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळी घालण्यास कोणत्याही रूपात मनाई केली. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले रुग्ण होरपळून मेले, त्या घटनेची स्मृती त्या मनाईमागे आहे असे मी मानतो.

त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात अशी सोय आहे की कोणाही सज्ञान माणसाने शुद्ध मनःस्थितीत असताना, पुढे आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे आगाऊ लिहून ठेवावे, आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा माणूस नेमावा. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या ज्या घरांत हा आजार आहे त्यांनी पावसाळा संपताच, रुग्ण बरा असताना, त्याच्याच हाताने हा कागद करून घ्यावा, त्याची एक प्रत डॉक्टरांकडे आणि एक नेमलेल्या माणसाकडे ठेवावी. आणि त्या कागदासोबत, कायद्याने मागितले नसले तरी, झोप किती रात्री मोडली म्हणजे कोणाला बोलवावयाचे, जवळ कोणी बसावयाचे, आणि त्या दिवसांत उच्चारलेला कोणता शब्द घरात कोणीही मनात धरावयाचा नाही, हेही त्याला लिहू द्यावे.